कांदा, बटाटा, चुना आणि विरजण : नववी-दहावीचं जीवशास्त्र घरच्या ओट्यावर

पेशी, परासरण, विकरं, श्वसन, सूक्ष्मजीव. नववी-दहावीत हे सगळं शिकवलं जातं आणि बऱ्याचदा व्याख्या पाठ करण्यावरच थांबतं. यातल्या बहुतेक संकल्पना घरच्या ओट्यावर डोळ्यांनी पाहता येतात. लागणारं सामान मंडईत, किराणा दुकानात आणि औषधाच्या दुकानात मिळतं. एकदा पाहिलं की कोशिंबिरीला पाणी का सुटतं, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी का द्यायचं, विरजण कधी बिघडतं, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवातीला एक सवय लावून घ्या. कुठलाही प्रयोग एका वाटीत करायचा नाही. शेजारी तुलनेची वाटी हवीच. तिच्यात बाकी सगळं तेच ठेवायचं, फक्त ज्याची परीक्षा घ्यायची ती एक गोष्ट बदलायची. ही वाटी नसली तर जे दिसलं ते कशामुळे दिसलं हे सांगता येत नाही. वहीत तारीख, वेळ, मापं आणि जे दिसलं ते तिथल्या तिथे लिहा. ‘काय दिसायला हवं होतं’ ते लिहू नका.

सामान असं लागेल : लाल कांदे, बटाटे, मीठ, साखर, कॉर्नफ्लोअर, मटकी, पानाच्या गादीवर मिळणारा चुना, दूध, चमचाभर दही, टिश्यू पेपर आणि पोव्हिडोन आयोडीनची छोटी बाटली (बीटाडिन चालेल). मापाला सिरपसोबत येणारं ५ मिलीची खूण असलेलं झाकण वापरा, कारण घरातले चमचे एकसारखे नसतात. पुढे ‘चमचा’ म्हटलं की ५ मिली, तोही सपाट, शिगोशीग नाही. सूक्ष्मदर्शक शाळेच्या प्रयोगशाळेतला चालेल. घडी घालून बनवायचा कागदी फोल्डस्कोपही चालतो, तो सुमारे १४० पट मोठं दाखवतो.

कांद्याची पेशी, आणि ती आक्रसताना

कांदा उभा चिरून चार फोडी करा आणि आतली एक मांसल पाकळी सुटी करा. तिची आतली, खोलगट बाजू आपल्याकडे धरून पाकळी मधोमध मोडा, पण पूर्ण तोडू नका. मोडलेल्या कडेला पातळ, पारदर्शक पापुद्रा लोंबताना दिसेल. तो चिमट्याने हळूच ओढून लगेच पाण्यात टाका. हवेत राहिला तर मिनिटभरात वाळून गुंडाळतो. मग कात्रीने साधारण ५ मिलिमीटरचा चौकोन कापायचा. मोठा तुकडा घेतला की हमखास घडी पडते.

काचपट्टीवर पाण्याचा एक थेंब टाका, त्यावर पापुद्रा सपाट पसरा आणि पातळ केलेल्या आयोडीनचा एक थेंब द्या. दोन चमचे पाण्यात पोव्हिडोन आयोडीनचे पाच थेंब टाकले की फिक्या चहाचा रंग येतो, तेवढं पुरे. मिनिटभर थांबा. आच्छादन काच सरळ वरून ठेवायची नाही. तिची एक कड थेंबाला टेकवा, काच ४५ अंशात धरा आणि सुईच्या आधाराने सावकाश खाली आणा. सरळ ठेवली की हवा अडकते. सूक्ष्मदर्शकाखाली ठळक काळ्या कडेचे गोल दिसले तर ते हवेचे बुडबुडे आहेत. दर वर्षी कित्येक विद्यार्थी त्यांनाच पेशी समजून चित्र काढतात. खऱ्या पेशी लांबट, एकमेकींना चिकटून रांगेत बसलेल्या असतात आणि प्रत्येकीत पिवळसर तपकिरी ठिपका असतो, तो केंद्रक. बराचसा भाग मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेला असल्याने केंद्रक बहुधा कडेला सरकलेला दिसतो. हरितलवकं दिसणार नाहीत. कांदा जमिनीखाली वाढतो आणि ही पाकळी काही अन्न तयार करत नाही. आधी १० पटीच्या भिंगाने पाहायचं, नेत्रिकाही १० पटीची असेल तर एकूण १०० पट होतात. थेट ४० पटीचं भिंग लावलं तर नीट दिसत नाहीच, शिवाय काच फुटण्याची भीती असते.

खरी मजा पुढे आहे, आणि शाळेत ती सहसा राहून जाते. लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची, फुगीर बाजू जांभळी असते. त्या बाजूचा पापुद्रा काढा. हा पापुद्रा जरा चिवट असतो आणि तुकड्यातुकड्यांनी निघतो, पण जांभळा तुकडा हाती आला की आयोडीनची गरजच नाही, कारण रंग रिक्तिकेतच भरलेला असतो. साध्या पाण्याच्या थेंबात तो पाहा. पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतील. आता १०० मिली पाण्यात एक चमचा मीठ विरघळवा. या पाण्याचा एक थेंब आच्छादन काचेच्या डाव्या कडेला सोडा आणि उजव्या कडेला टिश्यू पेपरचं टोक लावा. टिश्यू साधं पाणी शोषून घेतो आणि मिठाचं पाणी काचेखाली ओढलं जातं. डोळा नेत्रिकेवरून हलवू नका. काही मिनिटांत जांभळा भाग आधी कोपऱ्यांतून सुटतो, मग चारही बाजूंनी आत सरकतो आणि शेवटी पेशीच्या मधोमध आक्रसलेला जांभळा गोळा उरतो. पेशीतलं पाणी प्रद्रव्यपटलातून, म्हणजे भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्यातून, बाहेरच्या खाऱ्या पाण्याकडे गेलं, हेच परासरण. भोवतीची चौकट, म्हणजे पेशीभित्तिका, आहे तशीच राहते. पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतकं लख्ख इतर कुठे दिसत नाही.

लगेच त्याच रीतीने साधं पाणी ओढून घेतलं तर जांभळा रंग पुन्हा पसरतो. उशीर झाला किंवा मीठ फार झालं तर पेशी मरते आणि रंग परत येत नाही. म्हणून मिठाचं प्रमाण वाढवण्याचा मोह टाळा.

बटाटा : तेच परासरण, वजनकाट्यावर

बटाट्याच्या ५ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर जाड कांड्या कापा, साल राहू देऊ नका. तीन वाट्यांत प्रत्येकी २०० मिली पाणी घ्या. पहिलीत नुसतं पाणी, दुसरीत पाव चमचा मीठ, तिसरीत पूर्ण चमचा. प्रत्येक वाटीत पाच कांड्या टाका आणि टाकण्याआधी त्या पाचांचं एकत्र वजन करून ठेवा. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमपर्यंतच दाखवतो, एकट्या कांडीचा फरक त्यात दिसत नाही. तीन-चार तासांनी बाहेर काढा, टिश्यूने एकसारख्या टिपा आणि पुन्हा वजन करा. या प्रयोगात चूक होते ती बहुतेक इथेच. कांड्या नीट टिपल्या नाहीत तर अंगावरचं पाणीही वजनात धरलं जातं आणि मिठाच्या पाण्यातला बटाटासुद्धा जड भरतो.

साध्या पाण्यातली कांडी कडक होते, वाकवली की कट्कन मोडते. एक चमचा मिठातली लुळी पडते, बोटाभोवती वाकते. पाव चमच्यातली फारशी बदलत नाही, कारण तिथलं पाणी बटाट्याच्या पेशींशी साधारण समपरासारी, म्हणजे पेशीरसाइतकंच दाट, असतं. पुस्तकातले अवपरासारी, समपरासारी आणि अतिपरासारी हे तिन्ही शब्द या तीन वाट्यांत आले. जमलं तर चौथ्या वाटीत उकडलेल्या बटाट्याची कांडी ठेवा. ती कच्च्या कांडीसारखी वागत नाही, कारण उष्णतेने निवडक्षम पारपटल मोडलेलं असतं. परासरणाला नुसता बटाटा पुरत नाही, धड असलेलं पटल लागतं.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ वाढायच्या वेळीच का घालावं, लोणच्याला मीठ कमी पडलं की बुरशी का येते, कुंडीत मूठभर युरिया टाकल्यावर रोप पाणी असूनही का करपतं, या सगळ्यांचं उत्तर तिसऱ्या वाटीत आहे.

मीठ-साखरेचं पाणी

आतड्याच्या आतल्या पेशींमध्ये एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी परासरणाने आत जातं. जुलाबातही हे काम बहुधा चालू राहतं. म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा मीठ आणि साखर दोन्ही असलेलं पाणी उपयोगी पडतं. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइनच्या बाटल्या संपत आल्यावर पटकीच्या रुग्णांना हे पाणी तोंडाने दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

घरचं प्रमाण : उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. २४ तासांत उरेल ते ओतून द्या. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम वाढतं आणि लहान मुलांना ते धोक्याचं असतं. साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात, तिसऱ्या वाटीतल्या बटाट्यातून पाणी बाहेर आलं तसंच. दुकानातलं पाकीट मिळत असेल तर तेच जास्त चांगलं, कारण त्यात पोटॅशियम आणि सायट्रेटही असतं. ते किती पाण्यात मिसळायचं हे पाकिटावर वाचा, २०० मिलीची आणि १ लिटरची अशी दोन्ही पाकिटं मिळतात. लघवी फार कमी होणं, डोळे खोल जाणं, ग्लानी येणं किंवा शौचात रक्त दिसणं यातलं काहीही झालं तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

पाण्याबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. पाण्याची शंका आली तर ते गाळा आणि खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, पण जिवाणू मरायला ते भरपूर आहे.

लाळेतलं विकर

एक चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून पाव लिटर पाण्यात घाला आणि पारदर्शक होईपर्यंत शिजवा. पेज पूर्ण कोमट होऊ द्या, गरम पेजेत लाळेतलं स्टार्च तोडणारं विकर लगेच निकामी होतं. चूळ भरून स्वतःची दोन चमचे लाळ गोळा करा, दुसऱ्याची कधीच वापरू नका. तीन वाट्यांत दोन-दोन चमचे पेज घ्या. पहिलीत चमचाभर पाणी, दुसरीत चमचाभर लाळ, तिसरीत उकळून गार केलेली लाळ घाला. तिन्ही वाट्या ३७ अंशांच्या, म्हणजे हाताला जेमतेम कोमट लागणाऱ्या पाण्यात ठेवा. पांढऱ्या ताटलीवर पातळ आयोडीनचे थेंब ओळीने मांडा आणि दर दोन मिनिटांनी प्रत्येक वाटीतला एक थेंब त्यावर टाका, प्रत्येक वाटीला वेगळी काडी वापरून.

पहिली आणि तिसरी निळी-काळी राहते. दुसरीचा रंग जांभळा, मग तांबूस होत जातो आणि शेवटी आयोडीनचा पिवळा रंग तसाच राहतो. स्टार्च संपला. प्रत्येकाच्या लाळेत हे विकर, म्हणजे अमायलेज, कमी-जास्त असतं, त्यामुळे लागणारा वेळही वेगळा. मैत्रिणीचा प्रयोग आधी संपला म्हणून आपला चुकला असं समजू नका.

याच आयोडीनने पनीर किंवा खव्यातला पिठाच्या भेसळीचा अंशही तपासता येतो. थोडा नमुना पाण्यात उकळा, पूर्ण गार करा आणि मग दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च आहे. गरम असताना थेंब टाकले तर रंग उमटत नाही आणि भेसळ असूनही सुटते. पानातला स्टार्च तपासायला मात्र पान स्पिरिटमध्ये उकळावं लागतं. स्पिरिटची वाफ पेट घेते, म्हणून तो प्रयोग घरी अजिबात करायचा नाही, शाळेत शिक्षकांसमोर आणि गरम पाण्याच्या भांड्यात नळी ठेवूनच.

मटकी श्वास घेते

हरभऱ्याएवढा चुना पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची स्वच्छ निवळी अलगद ओतून घ्या. डोळ्यांत उडू देऊ नका. उडालीच तर नळाखाली बराच वेळ डोळे धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. मोठ्या तोंडाच्या तीन बरण्या घ्या. एकीत मोड आलेली मटकी, दुसरीत कोरडी, तिसरीत उकडून गार केलेली. प्रत्येकीत निवळीची छोटी वाटी ठेवून झाकण घट्ट लावा. श्वसनातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे रात्रभरात मोडांच्या बरणीतल्या निवळीवर दाट पांढरी साय धरते. उरलेल्या दोघींतही अगदी पातळ साय दिसू शकते, हवेत मुळात थोडा कार्बन डायऑक्साइड असतोच. तुलनेच्या बरण्या नसत्या तर तोही मटकीच्या नावावर जमा झाला असता. निकाल सकाळीच पाहा, उकडलेली मटकी जास्त वेळ राहिली तर त्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचंही श्वसन मोजलं जातं.

मोडाच्या पुरचुंडीत हात घातला की ऊब लागते, तीही श्वसनाचीच. मोड हवाबंद डब्यात दाबून ठेवले तर ऑक्सिजन संपतो आणि आंबूस वास येतो. कापड ओलं हवं, निथळतं नको.

विरजण आणि औषधाच्या गोळ्या

अर्धा लिटर दूध उकळून चार वाट्यांत वाटा. पहिलीत गरम दुधातच पाव चमचा दही घाला. दुसरीत दूध ४० ते ४५ अंशांवर आल्यावर, म्हणजे करंगळी सुखाने बुडवता येईल तेव्हा. तिसरीतलं दूध फ्रिजमध्ये गार करून मग दही घाला आणि वाटी फ्रिजमध्येच ठेवा. चौथीत कोमट दूध, दही नाही. मे महिन्यात पुण्यात चार-पाच तासांत निकाल दिसतो, डिसेंबरच्या थंडीत रात्रभर आणि वर थोडा वेळ लागतो. दुसरी वाटी लागते. पहिलीत जिवाणू मेलेले असतात. तिसरी तशीच राहते, पण ती बाहेर काढून ठेवली तर काही तासांत तीही लागते. फ्रिजने जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. शिजवलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर नंतर फ्रिजमध्ये ठेवून तो सुरक्षित होत नाही, तो याचमुळे.

आता तुलनेच्या वाटीचा एक मोठा उपयोग. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. तिसऱ्या दिवशी घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेतली आणि सातव्या दिवशी बरं वाटलं, की श्रेय गोळीला जातं. गोळी न घेता काय झालं असतं, ही चौथी वाटी कुणी पाहिलेलीच नसते. अँटिबायोटिक विषाणूंवर काम करत नाही. शरीरातल्या जिवाणूंपैकी जे औषधाला दाद देत नाहीत ते मात्र तगतात आणि वाढतात, दहावीच्या पुस्तकातली नैसर्गिक निवड ती हीच. डॉक्टरांनी दिलं तरच घ्यायचं, सांगितलं तितके दिवस घ्यायचं, आणि उरलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही.

पर्वती आणि नाडी

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठ्याने नाडी पाहू नका, त्याची स्वतःची धडधड मोजली जाते. १५ सेकंदांचे ठोके मोजून चारने गुणा. पाच मिनिटं शांत बसून पायथ्याशी एकदा, पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून झाल्याबरोबर एकदा, मग एक, दोन आणि तीन मिनिटांनी. किती वाढली यापेक्षा किती लवकर खाली आली ते महत्त्वाचं. महिनाभर नियमित चढल्यावर पुन्हा मोजा, त्याच वेळी, त्याच चालीने, आधी चहा न घेता. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

फार लवकर धाप लागते, अभ्यासात सतत थकवा असतो, असं असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ ते १४ वयात ते १०० मिली रक्तात १२ ग्रॅमच्या खाली नसावं, १५ वर्षांनंतर मुलींसाठी तीच मर्यादा आणि मुलांसाठी १३. लोखंडी कढईत कोरा चहा तासभर ठेवून पाहा, तो काळा पडतो. चहातलं टॅनिन लोहाला धरतं, आणि जेवणातल्या लोहाचंही तेच होतं. म्हणून जेवण किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत तासाभराचं तरी अंतर हवं. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची असते. ती रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, जेवल्यावर घ्या.

कुंडीखालची बशी

पावसाळ्यात गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलरची टाकी आणि गच्चीवरचे जुने डबे पाहा. डासांच्या वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर थोड्या काचेच्या पेल्यात घ्या आणि तोंडाला मलमलचं कापड रबराने घट्ट बांधा. अळी पृष्ठभागाला शेपटीकडच्या श्वासनळीने लटकलेली, डोकं खाली आणि तिरकी असेल तर ती एडिस किंवा क्युलेक्स जातीच्या डासाची. पृष्ठभागाला समांतर आडवी असेल तर ॲनॉफिलिसची. पेल्यावर हाताची सावली धरा, अळ्या झटकन तळाशी जातात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. पाण्यावर तेलाचा तवंग का घालतात ते इथे कळतं. निरीक्षण त्याच दिवशी संपवा आणि पेल्यात उकळतं पाणी ओता. अळ्या गटारात सोडायच्या नाहीत.

डेंगी पसरवणारा एडिस दिवसा चावतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा असतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही. मादी अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी मिळालं की फुटतात. दर रविवारी बशी, ट्रे आणि टाकीच्या कडा काथ्याने किंवा ब्रशने खरवडून घासा, धुतलेलं पाणी कोरड्या मातीवर ओता, भांडी उन्हात पालथी घाला आणि कुठे अळ्या सापडल्या ते तारखेसह वहीत लिहा.